पांढऱ्याचं पिवळं

(दृश्य : चुंबकी ढवळणीवर बीकर. खिडकीबाहेर बेळगावचा पाऊस.)

आज बनवायचं हेक्सामॉलिब्डेट : मॉलिब्डेनम आणि ऑक्सिजन यांचा एक ऋण आयन. मग वस्तुमान मोजून तो ओळखायचा. अडीच ग्रॅम सोडियम मॉलिब्डेट, १० मिलिलिटर पाणी, ६ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल २.९ मिलिलिटर. त्यावर टेट्राब्युटिल अमोनियम ब्रोमाइडचं द्रावण : १.२१ ग्रॅम, २ मिलिलिटर पाण्यात. ओतलं, की लगेच असा पांढरा साका.

आता ७५ ते ८० अंश, ४५ मिनिटं. ढवळणं मात्र थांबवायचं नाही. थांबलं की गुठळ्या होतात. बाहेरून पिवळ्या, पोटात पांढऱ्याच.

(दृश्य : साका हळदीसारखा होतो. मग गरम ॲसिटोनमधून पिवळे स्फटिक.)

सहा मॉलिब्डेनम, एकोणीस ऑक्सिजन, दोन ऋण प्रभार. एक ऑक्सिजन मधोमध, साऱ्या सहांना धरून. बारा पुलासारखे, सहा टोकांना. ही लिंडक्विस्ट रचना.

(दृश्य : तराजू, मग पिवळी कुपी.)

आता वस्तुमान मोजणारं यंत्र, म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर. त्यात द्रावण फवाऱ्यातून जातं. फवाऱ्याला हवं अगदी पातळ, १० मायक्रोमोलर. म्हणजे १०० मिलिलिटर ॲसिटोनाइट्राइलमध्ये १.४ मिलिग्रॅम. एवढंसं कोण तोलणार? १४ मिलिग्रॅम घ्या, मग दहापट पातळ करा. ०.२ मायक्रॉनच्या गाळणीतून काढायला विसरलात, तर केसाएवढी नळी तुंबलीच. यंत्र धारवाडला असलं तरी अर्धा निकाल बेळगावातल्या या टेबलावर लागतो.

(दृश्य : पडद्यावर आलेख.)

ऋण आयनांचा आलेख. आडव्या अक्षावर वस्तुमान भागिले प्रभार. ४४०च्या आसपास एक टोक नाही, अख्खी रांग. मॉलिब्डेनमचे सात समस्थानिक, म्हणजे वेगवेगळ्या वस्तुमानांचे अणू; आणि इथे अणू सहा. म्हणून इतका पसारा. जवळून पाहा : दोन टोकांत अंतर अर्ध्याचं. अर्धं, म्हणजे प्रभार दोन. वस्तुमान ८८०. ११२२ला दिसणारा तोच आयन, टेट्राब्युटिल अमोनियमचा एक आयन बिलगलेला.

यंत्राच्या तोंडाशी असलेल्या शंकूचा व्होल्टेज वाढवला, की आयन आतच फुटतो. मॉलिब्डेनम ट्रायऑक्साइडचा एक तुकडा गेला, की रांग ७२ने खाली (वस्तुमान १४४, भागिले प्रभार दोन). हे तुकडे द्रावणातच होते असं समजणारे पुष्कळ. म्हणून आधी कमी व्होल्टेजवर घ्यायचं. आणि आकार? वस्तुमानातून अणूंची मोजदाद कळते, आकार स्फटिकावरच्या क्ष-किरणांनी ठरतो.



(दृश्य : सुई धुणारे हात.)

टेट्राब्युटिल अमोनियम नळीला चिकटतो. धन आयनांवर काम करणाऱ्या पुढच्या माणसाला २४२चं टोक कित्येक दिवस दिसत राहतं. सुई, नळी, फवारा, तिन्ही ॲसिटोनाइट्राइलने पुन्हापुन्हा धुवायचे.