वेतन कराराची बोलणी ऑनलाईन असतील तेव्हा

नमस्कार मंडळी. आज युनियनच्या कमिटीत आहेत किंवा उद्या निवडून येणारेत अशा सगळ्यांशी बोलायचंय. विषय वेतन कराराचा, आणि तोही ऑनलाईन बोलणीचा. लॉकडाऊनपासून बऱ्याच ठिकाणी हे सुरू झालंय, कारखाना चाकणला नाहीतर वाळूजला, एचआरचे मोठे साहेब मुंबईत नाहीतर बेंगळुरूला, आणि मीटिंगची लिंक व्हॉट्सॲपवर येते.

ऑनलाईन काही ठरत नाही असं म्हणणारे भेटतात, मला ते पटत नाही. अमेरिकेत २०२० साली हॉलिवूडच्या लेखकांच्या युनियनने, रायटर्स गिल्डने, निर्मात्यांशी व्हिडिओ कॉलवर बोलणी केली आणि १ जुलैला तीन वर्षांचा करार ठरला. म्हणजे जमतं, तयारी पाहिजे.

आणि तयारी म्हणजे माझ्या मते सगळ्यात आधी एक साधी गूगल शीट. आजवर आकडे कायम मॅनेजमेंटकडे, आपल्याकडे वही आणि कॅलक्युलेटर. समजा त्यांनी साडेबारा हजार वाढ म्हटलं, तर त्यात बेसिकमध्ये किती, भत्त्यांत किती, पहिल्या वर्षी किती मिळणार हे काढेपर्यंत मीटिंग उठलेली असायची, आणि पीएफ-ग्रॅच्युइटी तर मुख्यतः बेसिक आणि डीएवर, म्हणजे महागाई भत्त्यावर, धरतात ना! शीट तयार असेल तर त्यांनी आकडा टाकला की ऑपरेटरला काय, हेल्परला काय, लगेच समोर दिसतं.

डीएचं तर मुद्दाम सांगतो. लेबर ब्युरोचा महागाई निर्देशांक सप्टेंबर २०२० पासून २०१६ च्या पायावर (म्हणजे २०१६ चा निर्देशांक १०० धरून) आला, आधी २००१ चा होता, आणि दोन्हींमध्ये जोडगुणक आहे २.८८, म्हणजे नव्या मालिकेचा एक पॉईंट जुन्या मालिकेच्या २.८८ पॉईंटांएवढा. आता तुमच्या जुन्या करारात दर पॉईंटला अमुक रुपये असं २००१ च्या मालिकेवर लिहिलेलं असेल आणि कोणी नवीन मालिकेचे पॉईंट तसेच धरले, तर डीएची वाढ जवळपास एक तृतीयांशच हातात पडते. हा गुणक शीटमध्ये घालून ठेवा, स्क्रीन शेअर करून दाखवा, मग वाद आवाजावर जात नाही.

दुसरं, कमिटीची आपसातली चर्चा कंपनीच्या कॉलवर अजिबात करू नका. ब्रेकआउट रूम, म्हणजे त्याच कॉलमधली वेगळी खोली, दिली तरी नको, कारण कॉल चालवणारा होस्ट त्यांचा असतो आणि होस्टला कुठल्याही रूममध्ये येता येतं. आपला वेगळा कॉल, वेगळ्या फोनवर, आणि कंपनीचा लॅपटॉप, कंपनीचा मेल तर लांबच ठेवा.

मसुदा शेअर्ड डॉक्युमेंटमध्ये मागा, वर्डची फाईल मेलवर फिरत राहिली की कोणी काय बदललं ते कळत नाही. व्हर्जन हिस्टरी उघडली की 'देण्यात येईल' च्या जागी 'देण्याचा विचार करण्यात येईल' कधी झालं ते तारखेसकट दिसतं, आणि त्या तीन शब्दांत लोकांची तीन वर्षं जातात हो.

मागणीपत्र बनवताना गूगल फॉर्म पण चांगला, सेकंड शिफ्टवाले, घरी लवकर पोचायची घाई असलेल्या बायका, यांचं म्हणणं गेट मीटिंगमध्ये येतच नाही, ते फॉर्ममध्ये येतं. पण करार मान्य की अमान्य हे विचारायला गेट मीटिंगच घ्या, तिथे माणसं प्रश्न विचारतात, एकमेकांचं ऐकतात.

शेवटची बैठक मात्र समोरासमोर मागा, शक्य असेल तर सरकारी कामगार खात्याच्या समेट अधिकाऱ्यासमोर, कारण तिथे झालेला करार युनियनमध्ये नसलेल्या कामगारांनाही लागू होतो. करार लेखी आणि सह्यांचाच लागतो, कॉलवर 'ठीक आहे' म्हटलेलं कोणी धरत नाही. आणि त्या शीटचं प्रिंट काढून परिशिष्ट म्हणून कराराला जोडायला लावा, प्रत्येक पानावर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. नमस्कार.