फुलीवर बसलेला कोळी

[सकाळचा तिरका उजेड. सोसायटीची कंपाउंडची भिंत, तिला लागून जास्वंद.]

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की घरोघरी लांब काठीचा झाडू बाहेर निघतो. छताच्या कोपऱ्यांतली जळमटं उतरतात. मग जिन्याखालची जागा, मीटरच्या पेट्या, आणि शेवटी कंपाउंडची भिंत. झाडू या जास्वंदीपर्यंत पोचायच्या आत आपण इथे थांबू या. कारण हे जळमट नाही.

जळमट म्हणजे सोडून दिलेलं, धुळीनं काळवंडलेलं जाळं. हे बघा, हे ताजं आहे. मधून निघालेले आरे, बैलगाडीच्या चाकाला असतात तसे, आणि त्यांच्यावरून गोल गोल फिरत गेलेला चिकट धागा. बरोबर मध्यभागी जाड, पांढऱ्या, नागमोडी रेघांची फुली. त्या फुलीवर डोकं खाली करून ती बसली आहे.

[जवळून दृश्य.]

ही सिग्नेचर स्पायडरची मादी. जाळ्यात सही केल्यासारखी खूण असते म्हणून हे नाव. शास्त्रीय नाव आर्जिओपे अनासुजा, १८८७ साली थोरेल या स्वीडिश अभ्यासकानं दिलेलं. अंग जेमतेम एक सेंटिमीटर. पोटावर पिवळे आणि तपकिरी आडवे पट्टे, पुढच्या भागावर चंदेरी लव. पाय मोजून बघा. चारच वाटतात ना? आहेत आठ, पण ती दोन-दोन जोडून फुलीच्या चार रेघांच्या दिशेनं पसरून बसते. फुली मात्र प्रत्येक जाळ्यात पुरी असेलच असं नाही. कधी एकच रेघ, कधी दोन. तेव्हा ओळख पटवायची ती पट्ट्यांवरून आणि बसण्याच्या ढबीवरून.

ही खूण कशासाठी? जाळ्याला बळकटी येते, असं पूर्वी मानत. पुढे लक्षात आलं की हे रेशीम अतिनील किरण परावर्तित करतं, आणि ते कीटकांना दिसतं, म्हणजे कदाचित हे आमिष असावं. १९८३ साली आयस्नर आणि नोविकी या अमेरिकेतल्या संशोधकांनी मोकळ्या जाळ्यांवर कृत्रिम पांढऱ्या खुणा लावून पाहिलं. खूण असलेली जाळी जास्त टिकली, पक्षी ती चुकवून उडत होते. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. अभ्यासकांचा वाद अजून मिटलेला नाही, आणि मला तो वाद या फुलीइतकाच लोभस वाटतो.

[जाळ्यात नाकतोडा अडकतो.]

आता नीट बघा. ती धावली, मागच्या पायांनी रेशमाचा पट्टा ओढून नाकतोड्याला गुंडाळलं, आणि मगच दंश केला. पतंग असता तर तिनं क्रम बदलला असता, आधी दंश, मग गुंडाळणं. पतंगाचे खवले धाग्याला चिकटून निघून येतात, तो निसटायच्या आत त्याला गाठावं लागतं.

तिचं विष आहे ते असल्या शिकारीसाठी. तुम्ही बोट जवळ नेलंत तर ती जाळं इतक्या वेगानं हलवते की तिचा आकारच धूसर होतो. नाहीतर धागा सोडून खाली पानांत उतरते. मुठीत दाबली तरच चावेल, आणि तेही थोडं दुखून थांबेल.

पण मग “कोळी मुतला” म्हणून अंगावर फोड येतात, ते काय? आपल्या घरांत हे पिढ्यान्पिढ्या ऐकू येतं. पावसाळ्यात रात्री ट्यूबलाइटभोवती केशरी-काळे, लांबट, मुंगीसारखे किडे येतात. ते आहेत पेडरस नावाचे भुंगेरे. तो मानेवर बसला, आपण नकळत चिरडला, की त्याच्या अंगातलं पेडरिन कातडीला लागतं आणि एक-दीड दिवसात जळजळीत पट्टा उठतो. किडा तोवर गेलेला असतो, समोर दिसतो तो कोपऱ्यातला कोळी. आळ त्याच्यावर येतो.

[जाळ्याची कड. बारीकसा नर.]

कडेला हा तपकिरी ठिपका दिसतो? तो नर. मादीच्या निम्म्याहूनही लहान. धागा हलकेच छेडत तो पुढे सरकतो आहे, म्हणजे तिनं त्याला भक्ष्य समजू नये. तरी कधी कधी ती त्याला खातेच. नंतर ती जवळच रेशमी पिशवीत अंडी घालते.

जाळं अगदी दारातच असेल, तर सगळं जाळं काठीवर अलगद गुंडाळून तिला शेजारच्या झुडपावर सोडा. तिला नवं विणता येतं. नाहीतरी जुनं जाळं फाटलं की ती त्यातले धागे खाऊन टाकते, आणि तेच रेशीम नव्या जाळ्यासाठी पुन्हा कामी येतं.

[दुसरी पहाट. तीच जास्वंद, दव पडलेलं. नवं जाळं. या वेळी एकच रेघ.]