चिकटलं, पण पाणी थांबलं का?

मंडळी, आज सकाळी ज्या ब्रशनं दात घासलेत, त्याच्या दांड्यावर रबरासारखी मऊ पट्टी असेल तर ओव्हरमोल्डिंग तुमच्या घरात आहेच. आधी कडक पॉलीप्रॉपिलीनचा दांडा काढायचा, तो दुसऱ्या डायमध्ये, म्हणजे साच्यात, बसवायचा आणि वरून मऊ टीपीई, म्हणजे रबरासारखं प्लास्टिक, वितळवून भरायचं. पट्टी सुटत नाही, म्हणून आपण समजतो की दोन्ही प्लास्टिक एकजीव झाली. या समजुतीशी माझं जुनं भांडण आहे. ब्रशच्या पट्टीखाली केसाएवढी फट राहिली तर कुणाचं काही बिघडत नाही. गाडीच्या सेन्सरमध्ये तीच फट राहिली की भर पावसात गाडी बंद.

मी तेव्हा एका कारखान्यात शिफ्ट सांभाळायचो. नायलॉनचं कवच आणि त्यावर टीपीईचं सील, असा पार्ट होता. एप्रिल-मेमध्ये माल खणखणीत. सील ओढलं तर ते स्वतःच फाटायचं, नायलॉनवर त्याचा थर तसाच राहायचा. जोड हवा तर असा! जुलै उजाडला आणि तेच सील केळ्याच्या सालीसारखं सोलून हातात यायला लागलं. आम्ही प्लास्टिक वितळवणाऱ्या बॅरलचं तापमान वाढवलं, इंजेक्शनचा वेग वाढवला, मटेरियलची लॉट बदलली, सप्लायरला बोलावून घेतलं. आठ दिवस गेले. शेवटी तपासणीच्या टेबलावरच्या मावशी म्हणाल्या, "साहेब, सकाळच्या पहिल्या क्रेटमधलेच सुटतात. दुपारचे नाही सुटत."

रात्री काढलेली कवचं सकाळपर्यंत उघड्या शटरजवळ, उघड्या क्रेटमध्ये पडलेली असायची. नायलॉन हवेतलं पाणी पितं. नायलॉन 6 ही त्याची एक जात, ती पाण्यात बुडवून ठेवली तर वजनाच्या सुमारे 9 टक्के पाणी घेतं. कच्च्या नायलॉनचे दाणे आम्ही हॉपर ड्रायरमध्ये तासन्‌तास वाळवत होतो आणि तयार कवच मात्र रात्रभर पावसाळी हवेत! त्यावर गरम टीपीई आलं की ओलाव्याची वाफ नेमकी जोडाच्या जागी. कवचं गरम असतानाच पिशवीत बंद केली, त्याच शिफ्टमध्ये ओव्हरमोल्ड केली, आणि सोलणं थांबलं. ड्रॉइंगवर मापं ढीगभर होती, पण कवच किती वेळ उघडं ठेवायचं याची एक ओळ नव्हती. अशी ड्रॉइंग्ज आजही माझ्याकडे येतात आणि आजही मला राग येतो. शोध त्या मावशींचा होता, हेही इथे सांगायलाच हवं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. विषय तर जलरोधक जोडाचा होता, तेव्हा भराभर सांगतो.

आपल्या लग्नांत सगोत्र चालत नाही. इथे कूळ जवळचं असेल तरच सोयरीक टिकते. पॉलीप्रॉपिलीनवर एसईबीएस जातीचं टीपीई धरतं, एबीएस आणि पॉलीकार्बोनेट या कडक प्लास्टिकवर टीपीयू, म्हणजे पॉलीयुरेथेन जातीचं मऊ प्लास्टिक, धरतं. पण टीपीयू पॉलीप्रॉपिलीनवर घातलं तर टिकणार नाही.

दोन्ही कडक असतील, म्हणजे आत नायलॉन 6 आणि बाहेर नायलॉन 66, तर आतल्या भागावर पूर्ण गोल फिरणाऱ्या, टोकाला अगदी बारीक अशा कडा ठेवा. नायलॉन 6 साधारण 220 अंशांना वितळतं, वरून भरलेलं वितळलेलं 66 येतं 280 च्या आसपास. तरीही जाड भिंत उष्णता ओढून घेते आणि वितळत नाही. बारीक टोकाला मात्र उष्णता पळवायला जागाच नसते. ते वितळतं आणि तिथे खरं सील होतं. कडेत एका जागी खंड पडला तरी पाण्याला तेवढं पुरतं.

कूळ जुळतच नसेल, तर आकुंचनाचा उपयोग करा. बाहेरचं प्लास्टिक आतल्याभोवती बांगडीसारखं आवळलं जाईल अशी रचना हवी. उलट केलंत, रिंगच्या आतून भरलंत, तर ते आकसून भिंतीपासून दूर जाईल.

चाचणीबद्दल एवढंच. आयपी67 हा धूळ-पाणी रोखण्याचा दर्जा, म्हणजे 1 मीटर पाण्यात 30 मिनिटं. पण तापलेल्या गाडीवर सर्व्हिस सेंटरमध्ये गार पाणी मारतात, तेव्हा आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढते. म्हणून पार्ट आधी ओव्हनमध्ये तापवा, मग लगेच गार पाण्यात टाका. आणि वायरीचं दुसरं टोक पाण्याबाहेर ठेवा, ते बुडवू नका. तांब्याच्या तारांमधल्या फटीतून पाणी वातीसारखं चढतं आणि आपण विनाकारण सीलला दोष देतो.

दोन नमुने आणलेत, एक चांगला, एक गळका. दोन्ही मधोमध कापलेत आणि भिंगही ठेवलंय. चहाच्या वेळी या टेबलापाशी या.