एका झोपेत मावेल तेवढं शिवणकाम

श्रोतेहो, नमस्कार.

घरात बाळ आलं की त्याच्यासाठी आपल्या हातानं काहीतरी करावं असं फार वाटायला लागतं, आणि नेमका तेव्हाच हाताशी वेळ नसतो. मी बाप आहे, आणि आमच्या घरातली सुई माझ्या ताब्यात आहे. बटण तुटलं की बाळाची आई शर्ट सरळ माझ्याकडे टाकते. तेव्हा आज बोलणार आहे ते एवढ्यापुरतंच: बाळाच्या एका झोपेत काय शिवून होतं, आणि झोप मध्येच मोडली तर हातातलं कसं टाकून उठता येतं.

सुरुवातीला कपडे शिवायच्या भानगडीत पडू नका. झबली, टोपडी दिसतात गोड, पण बाही बसवून, गळ्याला पट्टी लावून होईस्तोवर बाळ त्यात मावेनासं होतं. त्यापेक्षा दिवसातून चारदा भिजतं ते शिवा. म्हणजे लाळेरं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून लाळ गळायला लागली की लाळेरी कधीच पुरत नाहीत, आणि शिवणाऱ्याचा हात कच्चा असला तरी लाळेरं खपून जातं.

त्रिकोणी करा, ते सगळ्यांत सोपं. वरच्या बाजूला जुन्या चादरीचं किंवा शर्टाचं सुती कापड, मागे जुना टॉवेल. धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड नव्यापेक्षा बरं, आणि ते आधीच आटलेलंही असतं. नवं घ्यायचंच असेल तर कापायच्या आधी धुऊन वाळवा. नवं सुती कापड मीटरमागे तीन-चार सेंटिमीटर सहज आटतं, आणि टॉवेल वेगळ्या हिशेबानं आटतो. न धुता शिवलेलं लाळेरं पहिल्या धुण्यातच आक्रसून वाकडं होतं, मग कितीही इस्त्री फिरवा.

आता साधारण ३२ सेंटिमीटरचा चौरस घ्या आणि कोपऱ्यातून कोपऱ्यात कापा. दोन त्रिकोण झाले, म्हणजे दोन लाळेरी. टॉवेलचंही तसंच. सुलट बाजू आत घेऊन दोन्ही कापडं एकमेकांवर ठेवा, एक सेंटिमीटर माया, म्हणजे टिपेबाहेरची जादा कड, सोडून कडेनं टीप मारा, आणि एका आखूड बाजूला चार बोटांची फट उघडी ठेवा. त्रिकोणाची लांब बाजू तिरक्या धाग्यावर, म्हणजे विणीला आडवी-तिरपी कापलेली येते, त्यामुळे ती ताणली जाते. गळ्याला ते चांगलंच, पण शिवताना मात्र ती ओढू नका. मशीनखाली कापड आपल्या चालीनं जाऊ द्या, नाहीतर कडेला लाटा येतात. टोकांची जादा माया छाटायची, फटीतून सगळं उलटवायचं, पेन्सिलीच्या बोथट बाजूनं कोपरे बाहेर ढकलायचे आणि कडेकडेनं वरून पुन्हा एक टीप. त्या टिपेत फटही मिटते.

बंदाच्या जागी वेल्क्रो लावा. नाडीची गाठ मानेशी आवळली जाऊ शकते, वेल्क्रो ओढलं की सुटतं. त्याची खरखरीत बाजू मानेकडे येऊ देऊ नका, आणि धुताना दोन्ही पट्ट्या एकमेकींना चिकटवून टाका, नाहीतर बाळाचे मोजे त्याला लटकून येतात. बाळाला झोपवताना लाळेरं काढायचं, मग ते कितीही सुंदर झालेलं असो.

झोपेचा विषय निघालाच आहे तर सांगतो. उशी शिवू नका. छोटीशी, कडेला झालर लावलेली उशी शिवायचा मोह सगळ्यांना होतो. पण पहिलं वर्षभर बाळाच्या झोपायच्या जागी उशी, जाड पांघरूण, कापडी खेळणी असं मऊ काहीही नसावं, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. तोंडावर आलं तर ते बाजूला सारायची ताकद त्या हातांत नसते. तुकडे जोडून दुपटं शिवायची हौस असेल तर जरूर शिवा, फक्त ते जमिनीवर अंथरायला वापरा. बाळ जागं असताना, तुमच्या डोळ्यांदेखत, पालथं पडायला.

खेळण्यांत मला सगळ्यांत आवडतो तो कापडी ठोकळा. दहा-दहा सेंटिमीटरचे सहा चौरस, बस. नवजात बाळाला वीस ते तीस सेंटिमीटरवरचं त्यातल्या त्यात नीट दिसतं, आणि काळा-पांढरा फरक चटकन कळतो. म्हणून एक बाजू पट्ट्यांची, एक ठिपक्यांची, बाकी घरात असेल ते. चौरस जोडताना दोन्ही टोकांना एकेक सेंटिमीटर टीप न मारता सोडा, तरच तिथे तीन बाजू नीट मिळतात. आत चिंध्या कोंबू नका. ठोकळा जड होतो, धुतला की दोन दोन दिवस वाळत नाही. भरायला धुता येणारा कृत्रिम कापूस बरा.

बाहुल्यांचे डोळे बटणांचे करू नका, दोऱ्यानं भरा. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांची चाचणी घेतात तेव्हा ३१.७ मिलिमीटर व्यासाची एक नळी वापरतात. तिच्यात जो सुटा भाग मावतो तो घशात अडकू शकतो, असा हिशेब. बटण, घुंगरू, मणी, सगळं त्यात सहज जातं. बाळ प्रत्येक वस्तू आधी तोंडात घालून बघतं, आणि टाका किती पक्का आहे हे त्याच्याइतकं चिकाटीनं कुणी तपासत नाही.

हातमोजे, पायमोजे शिवणार असाल तर ते उलटे करून पाहा. आतला एखादा सुटा दोरा इवल्याशा बोटाभोवती गुंडाळला गेला तर बोटाचा रक्तपुरवठा थांबू शकतो. बाळ रडतं आणि कारण सापडत नाही, कारण बोट मोज्याच्या आत. म्हणून अशा वस्तूंत कच्ची कड आत उघडी ठेवायचीच नाही. आधी उलट बाजू आत घेऊन शिवायचं, माया बारीक कापायची, मग उलटवून दुसरी टीप मारायची. दोरे मधल्या कप्प्यात बंद होतात. विकतच्या मोज्यांतही हे बघत जा.

राहिलं ते वेळेचं. एका बैठकीत एक वस्तू पुरी करायचा हट्ट सोडा. एका झोपेत नुसतं कापायचं, सहा लाळेऱ्यांचं एकदम. दुसऱ्या झोपेत जोडून ठेवायचं. टिपा मग कधीतरी. मशीनच्या आवाजानं झोप मोडत असेल तर हातानं बखिया घाला. प्रत्येक टाका मागे वळून घेतलेला असतो, त्यामुळे मध्येच थांबलात तरी झालेलं उसवत नाही, आणि पक्केपणात तो मशीनच्या टिपेजवळ जातो. कापड जोडायला टाचण्यांऐवजी कपड्यांचे चिमटे लावा, म्हणजे घाईत उठताना जमिनीवर काही बारीक सांडत नाही. तरीही टाचण्या वापरल्यातच, तर रंगीत डोक्याच्या घ्या आणि काढताना मोजून घ्या, उठताना मोजून ठेवा. एक जरी कमी भरली तरी ती सापडेपर्यंत बाळाला खाली सोडायचं नाही. कात्री, सुया, कापलेले तुकडे सगळं झाकणाच्या एकाच डब्यात, आणि डबा उंच फळीवर. रांगायला लागलेलं बाळ टेबलाच्या कडेला पोचायला फार दिवस घेत नाही.

नमस्कार.