कोणतं कार्ड काढू?

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘सर्व्हरच्या आतली एसएसडी कार्डं बदलताना’, म्हणजे चिपवर डेटा साठवणारी कार्डं. बदलायला वीस मिनिटं पुरतात. मी बोलणार आहे ते त्याआधीच्या एका प्रश्नावर. काढायचं कोणतं?

रात्रीचे दोन वाजलेले. सर्व्हरमध्ये एम डॉट टू जातीची, म्हणजे थेट बोर्डावर बसणारी दोन बूट कार्डं. मशीन त्यांच्यावरून सुरू होतं, आणि ती एकमेकांची मिरर, दोन्हींवर तोच डेटा. एकावर एरर येत होत्या आणि लिनक्स, म्हणजे सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम, त्याला ‘एनव्हीएमई वन’ म्हणत होती. बोर्डावर कार्डांच्या स्लॉटपाशी, म्हणजे खाचांपाशी, ‘१’ आणि ‘२’ असं स्वच्छ छापलेलं. मी मशीन बंद केलं, ‘१’ काढलं, नवं बसवलं. स्क्रीनवर एकच ओळ: बूट करायला काही सापडलं नाही. मग मी नव्या कार्डावर संशय घेतला, बोर्डावर घेतला, शेवटी पॉवर सप्लायवरही घेतला. चाळीस मिनिटं! आणि धडधाकट कार्ड तेवढा वेळ माझ्या शर्टाच्या खिशात. (हशा) अँटीस्टॅटिक पिशवीही नाही, नुसत्या खिशात.

हसा, पण असं कुणाकुणाचं झालंय? हात वर करा. पुढच्या रांगेत दोन हात अर्धेच वर आलेत, त्यांच्यावर माझा जास्त विश्वास आहे.

लिनक्स शून्यापासून मोजतं, हे मला ठाऊक होतं हो. पण म्हणून ‘वन’ म्हणजे दुसरा स्लॉट, असंही नाही. कार्डं ज्या क्रमाने सापडतील तसे आकडे पडतात, रीबूटनंतर बदलूही शकतात. समोरच्या बेमधली, म्हणजे बाहेरून ओढून काढता येणाऱ्या कप्प्यातली डिस्क दिवा लुकलुकवून ‘मीच ती’ म्हणते. आतल्या कार्डाला बहुधा जीभच नसते. खरी ओळख सीरियल नंबर, आणि त्याचं स्टिकर नेमकं हीटसिंकखाली, उष्णता काढणाऱ्या धातूच्या पट्टीखाली दडलेलं! म्हणून माझा हट्ट: कार्ड बसवाल त्याच दिवशी स्लॉट आणि सीरियल कागदावर लिहून झाकणाच्या आतून चिकटवा.

पाच मिनिटं राहिली? बरं, भराभर सांगतो. दोन्ही पॉवर केबल काढा. मशीन बंद असलं तरी स्टँडबाय वीज असते, बीएमसी, म्हणजे सर्व्हरवर दुरून लक्ष ठेवणारी छोटी चिप, जागाच असतो. मनगटाला अँटीस्टॅटिक पट्टा बांधा, अंगातली स्थिर वीज कार्डात जायला नको. स्क्रू मुंगीएवढा, खाली पडला तर शोधल्याशिवाय वीज देऊ नका. नवं कार्ड तिरकं सरकवून मग खाली दाबा. २२८० म्हणजे २२ मिमी रुंद, ८० मिमी लांब; पण माप जुळलं म्हणून काम झालं नाही, काही स्लॉट फक्त साटा या जुन्या जोडणीची कार्डं घेतात, एनव्हीएमईची नाही. क्षमता जुन्याहून कणभरही कमी नको. पार्टिशन टेबल, म्हणजे कार्डाच्या भागांचा नकाशा, चालू कार्डावरून नव्यावर उतरवा, मिररमध्ये जोडा, सिंक होऊ द्या. ईएफआय पार्टिशन, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या फाइल्सचा भाग, बऱ्याचदा मिररबाहेर असतं, ते वेगळं कॉपी करा. नाहीतर सगळं छान चालतं, आणि दुसरं कार्ड गेलं की मशीन उठतच नाही.

हो, आणि मेलेलं कार्ड कचऱ्यात टाकू नका. कंट्रोलर, म्हणजे कार्ड चालवणारी चिप, गेला तरी मेमरी चिपमध्ये डेटा असू शकतो. त्यावर वेगळं व्याख्यान द्यायला मी तयार आहे, आयोजक मात्र घड्याळ दाखवतायत.