निर्णय होण्याआधी विचारा

नमस्कार मंडळी.

संगणकप्रणाली घडवणारे बरेच जण आज इथे आहेत आणि त्या रोज वापराव्या लागणारे तर आपण सगळेच आहोत. मला बोलायचंय ते या दोघांची गाठ केव्हा पडते त्याबद्दल. बहुतेक ठिकाणी ती फार उशिरा पडते. प्रणाली तयार असते, पैसा खर्च झालेला असतो, आणि मग वापरणाऱ्याला बोलावून ‘हे बटण इथे बरं की तिथे?’ असं विचारतात. कोणतं काम यंत्राला द्यायचं आणि कोणतं माणसाकडे ठेवायचं, हे तोवर ठरून गेलेलं असतं.

हे उलटं करून दाखवलं ते नॉर्वेच्या कामगारांनी. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या लोखंड आणि धातू कामगार संघटनेने क्रिस्टन न्यूगोर यांना सोबत घेतलं. हे न्यूगोर म्हणजे ओले-योहान डाल यांच्याबरोबर ‘सिम्युला’ ही संगणकभाषा घडवणारे, पुढे 2001चा ट्युरिंग पुरस्कार, म्हणजे संगणकशास्त्रातला सर्वोच्च मान, मिळालेले शास्त्रज्ञ. इतका मोठा माणूस कारखान्यातल्या कामगारांसोबत बसला आणि संगणक आल्यावर आपल्या कामाचं काय होणार, हे त्यांनी स्वतः तपासावं यासाठी झटला. त्यातून कामगारांना नव्या तंत्राची माहिती मिळण्याचा आणि त्यावर बोलण्याचा हक्क देणारे करार झाले.

मग 1981मध्ये ‘युटोपिया’ प्रकल्प आला. वर्तमानपत्राची पानं लावणारे छपाई कामगार आणि संशोधक एकत्र बसले. हवं ते यंत्र तेव्हा बाजारात नव्हतं, म्हणून त्यांनी पुठ्ठ्याचे खोके आणि प्लायवूड घेऊन त्याची प्रतिकृती उभी केली. कामगार त्या खोट्या पडद्यासमोर बसून पान लावत, कुठे अडतं ते सांगत आणि लगेच पुठ्ठा कापून बदल होई. मला यातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे की पुठ्ठा कापायला कुणाची परवानगी लागत नाही. संगणकातलं अक्षरही न कळणारा माणूस तिथे तज्ज्ञाच्या बरोबरीने बोलू शकत होता, कारण पानाची जाण त्याच्याकडे होती.

कृत्रिम बुद्धिमत्तेत हे अधिक अवघड आहे. तिथे खरा आराखडा विदेत, म्हणजे यंत्राला शिकवायला जमवलेल्या डेटात असतो: कुणाचे आवाज, कुणाचे चेहरे गोळा केले, ‘बरोबर उत्तर’ कुणी ठरवलं. म्हणून लोकांनी यायचं ते विदा जमवतानाच. न्यूझीलंडमधल्या ‘ते हिकू मीडिया’ या माओरी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या, माध्यमसंस्थेने 2018मध्ये लोकांना आवाहन केलं आणि दहा दिवसांत 300 तासांहून अधिक माओरी वाचन ध्वनिमुद्रित झालं. त्यावर त्यांनी स्वतःची वाक्ओळख प्रणाली, म्हणजे बोललेलं ओळखून लिहिणारी प्रणाली, उभारली आणि ती विदा मोठ्या कंपन्यांच्या हाती जाऊ दिली नाही. आवाज समाजाचा, तर राखणही समाजाची.

उलट बाजू नेदरलँड्समध्ये दिसली. बालसंगोपन अनुदानात फसवणूक शोधताना वापरलेल्या जोखीम-प्रणालीत नागरिकत्व हाही एक निकष होता. हजारो कुटुंबांवर खोटा ठपका बसला, ती कर्जात बुडाली, आणि जानेवारी 2021मध्ये सरकारने राजीनामा दिला. आपल्याला का निवडलं, हे त्या आईबापांना कुणी सांगत नव्हतं.

तुमच्यापैकी जे प्रणाली घडवतात त्यांच्याकडे माझं कळकळीचं मागणं आहे. पहिल्याच बैठकीला, कागद कोरा असताना, ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांना बोलवा. त्यांच्या वेळेचा मोबदला द्या. त्यांच्या सांगण्यावरून काय बदललं आणि काय नाही, ते कारणासकट लेखी कळवा. आणि ‘हे करूच नका’ म्हणायचीही त्यांना मुभा ठेवा. ती नसेल तर त्यांना बोलावणं हा केवळ देखावा होतो. वेळ जास्त लागेल, वाद होतील, हे मला मान्य आहे. तरीही ही पद्धत आपण आपल्या मंडळाच्या नव्या सभासद-नोंदणी प्रणालीपासूनच सुरू करावी, असा माझा प्रस्ताव आहे. ज्येष्ठ सभासदांनी पहिल्या बैठकीसाठी आजच नावं द्यावीत.