इशारा मिळाला, मग माणसं का गेली?

ही गोष्ट १८८४ सालची. अमेरिकी लष्कराच्या सिग्नल कोअरमधले सार्जंट जॉन फिन्ली तेव्हा टोर्नेडोचे, म्हणजे जमिनीला टेकणाऱ्या विध्वंसक चक्री वावटळींचे, अंदाज वर्तवत होते. एकूण २,८०३ अंदाज, त्यांतले ९६.६ टक्के बरोबर. थक्क व्हावं असाच आकडा. पण भूवैज्ञानिक ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी तो उलगडून पाहिला. दर वेळी डोळे मिटून ‘टोर्नेडो होणार नाही’ म्हटलं असतं, तर ९८.२ टक्के अंदाज बरोबर आले असते! टोर्नेडो प्रत्यक्षात झाले ५१ वेळा. त्यांतले २८ अंदाजात सापडले, २३ हुकले.

म्हणून एखाद्या आपत्तीनंतर हवामान संस्था अचूकतेची टक्केवारी पुढे करते, तेव्हा आधी विचारायचं: हुकले किती, इशारे फुकट गेले किती, आणि लोकांच्या हातात वेळ किती होता?

ऑक्टोबर १९८७ मधल्या वादळाचा जोर ब्रिटनच्या हवामान खात्याला ओळखता आला नाही. खात्याने स्वतःची चौकशी केली आणि ती चौकशी बाहेरच्या तज्ज्ञांनी तपासली. हे फार महत्त्वाचं. आपला पेपर आपणच तपासून भागत नाही.

पण अंदाज बरोबर आला, तर?

अमेरिकेच्या मिसुरी राज्यातलं जॉप्लिन शहर. २२ मे २०११, रविवार. राष्ट्रीय हवामान सेवेचा इशारा निघाला संध्याकाळी ५:१७ ला. टोर्नेडो जमिनीला टेकला ५:३४ ला. मध्ये सतरा मिनिटं. कागदोपत्री इशारा वेळेवर. दीडशेहून जास्त माणसं मेली.

हवामान सेवेचं पथक तिथे जाऊन वाचलेल्यांशी बोललं. भोंगे बहुतेकांनी ऐकले होते. पण भोंगे तर नेहमीच वाजायचे. त्या काळात देशभरात चारातले जवळपास तीन टोर्नेडो-इशारे खोटे ठरत. म्हणून कुणी दाराबाहेर येऊन आभाळ पाहिलं, कुणी टीव्ही लावला, कुणी दुसऱ्या भोंग्याची वाट पाहिली. खात्री करून घेण्यातच ती मिनिटं सरली. या माणसांना बेफिकीर ठरवणं अन्यायाचं आहे. दर वेळी पळायला लावणाऱ्या भोंग्यावर विश्वास ठेवायचा तरी किती?

पुढच्याच वर्षी कॅन्सस आणि मिसुरी या राज्यांतल्या हवामान सेवेच्या पाच कार्यालयांनी इशाऱ्यांची भाषा बदलून पाहिली. नुसतं ‘टोर्नेडो येतोय’ नाही; जमिनीखाली आसरा घेतला नाही तर जीव जाऊ शकतो, इतकं थेट. आता तपासायचं ते हे, की असा इशारा ऐकून किती जण खरोखर तळघरात उतरले.